पुढचा ओटा पाहुण्यांचा, मागचा ओटा घराचा

गळिताचा हंगाम सरत आला आणि उसाची बिले खात्यावर जमा होऊ लागली, की आपल्याकडे दोन कामांना जोर चढतो. एक लग्नाच्या बैठकी आणि दुसरे घराचे बांधकाम. लग्नाच्या बाबतीत शेतकी खात्याने तोंड न घातलेलेच बरे. घराबद्दल मात्र आम्ही चार शब्द बोलणार आहोत. ऊसनोंद, लागणीची पाहणी, तोडणीचा प्रोग्रॅम या निमित्ताने आम्हांला वर्षभर वस्त्यावस्त्यांवर जावे लागते, आणि जावे तिथे चहा ओट्यावरच मिळतो. तेव्हा ओट्यावर बसून जे दिसते ते लिहिण्याचा थोडा हक्क आम्हांलाही पोचतो, असे आम्ही समजतो.

दिसते ते असे. घराची पुढची बाजू झकास. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचा कठडा, वर स्लॅबची पडवी, समोर पेव्हर ब्लॉकचे अंगण. मागे जाऊन पाहावे, तर स्वयंपाकघराच्या भिंतीतून मोरीचा पाइप बाहेर आलेला, त्याखाली काळा चिखल, चिखलात डास, आणि त्या चिखलाच्या कडेला एका दगडावर बसून घरची बाई भांडी घासते आहे. दहा पावलांवर उसाची पहिली सरी. आणि दारात आठ एकर बागायत असताना कोथिंबिरीची जुडी आठवडी बाजारातून येते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आमचे स्पष्ट मत असे आहे, की घर बांधताना ओटा आणि परसबाग ही दोन कामे वेगळी धरू नयेत. दोन्हींचा नकाशा एका कागदावर, एकाच दिवशी आणि गवंड्याला इसार देण्याच्या आधी काढावा. आणि पैसा एकाच ओट्यापुरता असेल, तर तो पुढचा न बांधता मागचा बांधावा. हे वाचून काही सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू देत. कारणे ऐकून मग काय ते ठरवा.

डेक म्हणजे काय, तर ओटाच

हल्ली पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले सुट्टीत गावी येतात आणि मोबाइलवरची चित्रे दाखवतात. "मागे लाकडी डेक करू या, भोवती गार्डन करू या." पोरांची कल्पना वाईट नाही. घरातून पाऊल बाहेर टाकले की बसायला सपाट जागा आणि तिला लागून हिरवळ, एवढेच त्यांना हवे असते. तथापि लाकडी डेक ही मुख्यतः थंड मुलखातली चीज आहे. तिकडे उन्हाचे अप्रूप, म्हणून उघड्या उन्हात बसायची सोय. आपल्याकडे चार महिने पाऊस, चार महिने रणरणते ऊन आणि बारा महिने वाळवी. साधे लाकूड इथे उघड्यावर टिकत नाही, टिकणारे सागवान परवडत नाही, आणि प्लॅस्टिक मिसळलेल्या नव्या फळ्या एप्रिलच्या दुपारी अशा तापतात, की अनवाणी पाय ठेवता येत नाही.

आपला ओटा हाच आपला डेक. आपल्या वाडवडिलांनी तो दगडमातीचा केला, शेणाने सारवला, वर पडवी काढली. चूक इतकीच झाली, की जुन्या घरात ओटा पुढच्या दाराला राहिला आणि परडे मागच्या दाराला. दोघांची गाठच पडली नाही. पुढे पुरुषांची बैठक, मागे बायकांचे काम. आता नवे घर बांधताना ही ताटातूट मोडण्याची संधी आहे. स्वयंपाकघराचे दार उघडले, की ओटा. ओट्याची पायरी उतरली, की बाग. असे झाले तरच बागेकडे लक्ष राहते. जी बाग रोज डोळ्यांसमोर नसते, तिला पाणी घालायचे कुणाला आठवत नाही.

ऊन कुठून येते ते आधी पाहा

ओटा कोणत्या बाजूला काढावा, हे वास्तूच्या पुस्तकाआधी सूर्याला विचारावे. आपला भाग साधारण सतरा-अठरा अक्षांशावर येतो. डिसेंबरात भर दुपारी सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे बराच कललेला असतो. पडवीची वळचण ओट्याच्या फरशीपासून ८ फूट उंच असेल, तर त्या दिवसांत दुपारी बाराला दक्षिणेचे ऊन सुमारे ७ फूट आत येते. म्हणजे ६ फुटी ओटा सबंध उन्हात. म्हाताऱ्या माणसांना शेकायला, पापड-सांडगे वाळवायला यापरती जागा नाही. तोच सूर्य मे महिन्यात दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. मग त्याच ओट्यावर त्याच वेळी सावली. एकच पडवी हिवाळ्यात ऊन देते, उन्हाळ्यात सावली देते, आणि यासाठी एक पैसा जादा लागत नाही.

पूर्वेचा ओटाही चांगला. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारनंतर सावली. पश्चिमेचा ओटा मात्र संध्याकाळी भट्टीसारखा तापतो, कारण तिरपे ऊन पडवीखालून थेट भिंतीवर येते. तिथे वळचण कितीही वाढवली तरी उपयोग नाही. तिथे उपाय झाडांचा किंवा मांडवाचा. बाग ओट्याच्या मदतीला धावून येते ती इथे. पश्चिमेला बांबूचा वा लोखंडी पाइपचा मांडव घालावा आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीत त्यावर दोडका, घोसाळी किंवा कारले लावावे. एप्रिलमध्ये ऊन कडक होते, तेव्हा मांडव भरलेला असतो. वेल थकला की काढून टाकावा. पावसाळ्यासाठी जूनमध्ये पुन्हा लावावा. हिवाळ्यात मांडव मोकळा ठेवावा, म्हणजे ऊन येते. ज्यांना दरवर्षीची ही खटपट नको, त्यांनी जाई किंवा कृष्णकमळ चढवावे. भाजी नाही मिळाली, तरी सावली आणि सुवास मिळेल.

मापे आणि माती

मागचा ओटा निदान ६ फूट रुंद असावा. ४ फुटी ओट्यावर बाज टाकली, की जायला वाट उरत नाही. लांबी १० ते १२ फूट पुरे. उंची दीड फूट ठेवली, तर कडेवर पाय सोडून बसता येते आणि मांडीवर परात घेऊन भाजी निवडता येते. हल्ली रस्ता दरवर्षी वर चढतो म्हणून जोती तीन-तीन फूट उंच घेतात. तसे असेल तर ओटा जोत्याच्या बरोबरीने न घेता खाली घ्यावा आणि मध्ये पायऱ्या द्याव्यात. पायरीची उंची ६ इंचांहून जास्त नको. गुडघे दुखणारी आई त्या घरात राहणार आहे, हे नकाशा काढताना विसरू नये.

फरशी शहाबादी, खरबरीत बाजूची. गुळगुळीत पॉलिशची फरशी ओल्या पायांना दगा देते. ओट्याला भिंतीकडून बागेकडे, दर ५ फुटाला १ इंच उतार द्यावा, म्हणजे धुतलेले पाणी आपोआप झाडांकडे जाते.

मातीचे एक सांगणे फार महत्त्वाचे. आपल्याकडे बहुतेक वस्त्या काळ्या जमिनीत आहेत. काळी माती भिजली की फुगते, वाळली की फाटते. तिच्यावर थेट ओटा घातला, तर दुसऱ्याच उन्हाळ्यात ओटा आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी चीर पडते. मग गवंड्याला शिव्या देऊन काय उपयोग? ओट्याखालची काळी माती उकरून काढावी, मुरूम भरून पाणी मारून चोपावा, आणि मग दगडी सोलिंग. याच कारणाने बागेचे वाफे ओट्याला चिकटून करू नयेत. वाफ्याला रोज पाणी लागणार, ते पाणी पायात मुरणार. ओट्याच्या कडेने ३ फुटांचा कोरडा पट्टा सोडावा, त्यात खडी पसरावी. वळचणीच्या पागोळ्या त्या खडीवर पडतील, चिखल भिंतीवर उडणार नाही. तुळशीचे वृंदावन आणि कुंड्या या पट्ट्यात ठेवाव्यात.

सांडपाणी फुकट घालवू नका

जलजीवन मिशनने २०१९ साली माणशी रोज ५५ लिटर पाणी हे माप धरले. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. १५ लिटरची घागर धरली, तर रोजच्या १८ घागरी. यातले पिण्याचे आणि संडासाचे सोडले, तर बाकी बहुतेक पाणी मोरीतून बाहेर जाते आणि आज ते बोळात डास पोसते. ठिबकच्या एकेका थेंबाचा हिशेब ठेवणारा आमचा सभासद मोरीच्या पाण्याचा हिशेब का ठेवत नाही, हे आम्हांला कळत नाही.

मोरीचे आणि न्हाणीचे पाणी आधी एका लहान हौदीत घ्यावे. हौदीत नारळाच्या शेंड्या आणि खडी घातली, की खरकटे व तेलकटपणा तिथे अडतो. ती शेंडी महिन्या-दोन महिन्यांनी बदलावी. पुढे चारीने पाणी केळी, अळू आणि कर्दळीला द्यावे. ही तिन्ही पाणखाऊ पिके. दोन वाफे करून पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी फिरवले, तर एकही वाफा नासत नाही. कच्च्या खायच्या भाज्यांना, म्हणजे कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांना हे पाणी कदापि देऊ नये. संडासाचे पाणी तर मुळीच नाही. उरलेले पाणी ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल शोषखड्ड्यात सोडता येते. मात्र निव्वळ काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. तिथे खड्ड्यापेक्षा केळीचा वाफाच वाढवावा. विहिरीपासून आणि बोअरपासून हे सगळे निदान ५० फूट दूर ठेवावे.

पावसाचेही तेच. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २,३०० लिटर पाणी होते. वर्षाला २० इंच पाऊस पडणाऱ्या गावातही ते ४० हजार लिटरच्या पुढे जाते. सगळे अंगण पेव्हर ब्लॉकने झाकले, की हे पाणी थेट रस्त्यावर पळते. चालण्यापुरत्या वाटेला फरशी घाला, बाकी जमीन उघडी ठेवा. तिलाही श्वास घेऊ द्या.

काय कुठे लावावे

आमचा नियम सोपा आहे. जे रोज लागते ते पायरीजवळ. जे आठवड्याला लागते ते मधल्या जागेत. जे हंगामाला लागते ते कुंपणाला.

पायरीजवळ कोथिंबीर, मेथी, पालक, मिरची, पुदिना, गवती चहा. फोडणी टाकल्यावरसुद्धा चार पावले जाऊन पाने तोडून आणता आली पाहिजेत. मधल्या जागेत वांगी, टोमॅटो, गवार, भेंडी आणि मांडवाचे वेल. त्यापलीकडे कागदी लिंबू, कढीपत्ता, दोन-तीन पपया. लिंबासाठी राहुरी विद्यापीठाची 'साई शरबती' आणि 'फुले शरबती' ही वाणे आहेत. शेवगा कुंपणालाच हवा. त्याचे लाकूड ठिसूळ, वाऱ्याने फांदी मोडून पडवीवर येते, आणि पावसाळ्यात त्यावर केसाळ अळ्या होतात. ओट्याजवळ शेवगा लावला, तर त्या अळ्या पोरांच्या अंगावर. वड, पिंपळ, उंबर पूज्य खरे, पण त्यांची मुळे जोते उचलतात. त्यांना बांधावर मान द्यावा.

आच्छादनाला उसाचे पाचट उत्तम. पण पाचटाचा ढीग भिंतीला लावून ठेवू नये, वाळवीला ते आमंत्रणच. कारखान्यातून आलेला ताजा प्रेसमड गरम असतो. तो आधी कुजवावा, मगच झाडाला घालावा. घरचा ओला कचरा, पालापाचोळा आणि शेण यांच्यासाठी पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत सर्वांना ठाऊक आहे. त्यांची टाकी १० बाय ६ बाय ३ फुटांची. परड्यात एवढी जागा नसेल, तर लहान करावी. जाळीदार विटांची रीत मात्र तीच ठेवावी.

आणि एक कळकळीची सूचना. उसात टू-फोर-डी मारलेला पंप कितीही धुतला तरी भाजीला वापरू नका. टोमॅटो, वांगी, वेलवर्गीय भाज्या आणि पपई या औषधाला फार नाजूक आहेत. पाने आखडतात, शेंडे वळतात आणि लोक म्हणतात रोग पडला. पंप वेगळा ठेवा आणि वाऱ्याची दिशा पाहून फवारा.

ऊस दाराशी नको

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मळ्यातल्या वस्तीवर एक सरी जादा बसते म्हणून ऊस थेट मागच्या दारापर्यंत लावण्याची पद्धत पडली आहे. ऊस वाढवा असे सांगणे हे आमचे कामच. तरीही आम्ही सांगतो, की घरामागच्या त्या चार सऱ्या काढून टाका.

उसात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात बिबट्याने उसातच घर केले आहे. तिथेच पिल्ले होतात, तिथेच वाढतात. बाई तिन्हीसांजेला वाकून भांडी घासते आहे, मूल तिच्यामागे खेळते आहे आणि दहा पावलांवर माणसापेक्षा उंच ऊस उभा आहे, हे चित्र आम्हांला बघवत नाही. टनेज आम्हांलाही हवे, पण जिवाच्या बदल्यात नको.

घर आणि ऊस यांच्यामध्ये निदान ३० फूट मोकळी जागा राहिली पाहिजे. हीच जागा परसबागेची. म्हणून बागेत उंच झाडे कडेला आणि मध्ये सगळे कमरेच्या खालचे. ओट्यावर उभे राहिले, की उसाची कड स्वच्छ दिसली पाहिजे. कुंपणाबाहेर चालायला वाट, ओट्यावर एक चांगला दिवा, आणि भांडी घासायची जागा ओट्याच्या टोकाला, कमरेएवढ्या उंचीवर. उभ्याने काम होईल, पाठ वाचेल, आणि वाकून बसण्याची वेळ येणार नाही. ओटा आणि बाग एकमेकांना पूरक असावीत असे आम्ही म्हणतो ते केवळ शोभेसाठी नाही. ओट्यामुळे बागेवर नजर राहते, आणि बागेमुळे ओटा सुरक्षित राहतो.

"एक टन ऊस गेला की!"

हा आक्षेप येणार हे आम्ही धरूनच आहोत. हिशेब करू. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. एकरी ४० टनांनी गुंठ्याला एक टन ऊस. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा, खत, पाणी, मजुरी वजा. उलट बाजूला, आठवड्याच्या बाजारात भाजीला १५० रुपयेच जातात असे धरले, तरी ५२ आठवड्यांचे ७,८०० रुपये होतात. सगळी भाजी गुंठ्यात पिकणार नाही. कांदा, बटाटा बाजारातूनच येईल. पण निम्मी जरी पिकली, तरी त्या एका टनाचे उत्तर मिळते. प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोळकरांनी दहा गुंठ्यांत कुटुंबाचा निर्वाह मांडला होता. आम्ही तर एकच गुंठा मागतो आहोत.

शिवाय जे रुपयांत मोजता येत नाही ते वेगळेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाजीवर लिंबू पिळून खाल्ले, तर त्यातले लोह अंगी जास्त लागते. दवाखान्याच्या गोळ्यांची जागा भाजी घेणार नाही, पण पायरीजवळची मेथी रोजच्या ताटात तरी येईल. बाजारची जुडी दोन दिवसांत सुकते. मग पुढच्या बाजारापर्यंत बटाटा आहेच.

दुसरा आक्षेप बायकांचा, आणि तो खरा आहे. "आहे तेवढे काम थोडे का, आता बागही आमच्याच गळ्यात?" नाही. खड्डे, मांडव, कुंपण, चारी ही पुरुषांची कामे. सकाळी मोटार चालू करायला जाणाऱ्याने जाता-येता बागेला अर्धा तास द्यावा. बाईच्या वाट्याला तोडणी आली तर पुष्कळ. मात्र नकाशा काढताना घरातल्या बाईला शेजारी बसवा. मोरी कुठे हवी, ओटा किती उंच हवा, हे गवंड्यापेक्षा तिला जास्त कळते.

आमची एक व्यक्तिगत सूचनाही आहे. निर्णय अर्थात संचालक मंडळाचा. कारखान्याच्या ऊस रोपवाटिकेत लिंबू, कढीपत्ता, शेवगा, पपई यांची रोपे करून सभासदांना मे अखेरीस मूळ किमतीत द्यावीत. बिलातून कपात नको. कपात म्हटले की चांगली गोष्टही कडू लागते. रोख द्यावीत, मागेल त्याला द्यावीत.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, यंदा ज्यांच्या घराचे काम निघणार आहे, त्यांनी एक कागद घ्यावा. आधी मागचे दार काढावे, मग ओटा, मग मोरीची चारी, मग बाग, मग कुंपण, आणि सर्वांत शेवटी पुढच्या पायऱ्या. एप्रिल-मेमध्ये ओटा, मेमध्ये झाडांचे खड्डे, मृगाच्या पावसावर लागण. गवंडी नाके मुरडेल, म्हणेल असा नकाशा कुणी काढत नाही. त्याला सांगावे, राहायचे आम्हांला आहे.

पुढच्या हंगामात ऊसनोंदीला येऊ, तेव्हा चहा मागच्या ओट्यावर घेऊ. गवती चहा मात्र पायरीजवळचाच हवा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग